मोगलीची नदी कारध्याच्या पुलाखालून जाते

भंडाऱ्याहून नागपूरकडे निघालं की थोड्याच वेळात शहापूर लागतं. महामार्गाला टेकलेलं गाव. दिवसरात्र ट्रक, जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी, आणि डांबरी रस्ता सोडून आत वळलं की धानाच्या बांध्या. या गावाचं आणि जपानमधल्या एका कार्टून कंपनीचं काही नातं असेल, हे कुणाच्या मनातही येणार नाही. पण १९८९ साली निप्पॉन अ‍ॅनिमेशनच्या चित्रकारांनी ज्या उघड्याबंब पोराला लांडग्यांच्या गुहेत वाढवलं, त्या पोराची नदी शहापूरकरांच्या रोजच्या ओळखीची आहे. भंडारा शहर ओलांडलं की कारध्याच्या पुलाखालून ती वाहते. रुडयार्ड किपलिंगने मूळ पुस्तकात तिचं नाव स्वच्छ लिहून ठेवलंय: वैनगंगा.

नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं तेव्हा हे आम्हा पोरांना कोणी सांगितलं नाही. मोगलीचं जंगल आमच्या लेखी आफ्रिकेत होतं, किंवा टीव्हीतच होतं. गल्लीत टीव्ही मोजके. एकजण छपरावर अँटेना धरून उभा, दुसरा खिडकीत, आणि मधे हाका: “आला का बे?” “नाही ना! मुंग्याच मुंग्या हायेत!” मुंग्या विरून शीर्षकगीत सुरू झालं की सगळे चिडीचूप. ते गीत गुलजारांनी लिहिलं आणि विशाल भारद्वाजांनी स्वरबद्ध केलं. पुढे ‘मकबूल’, ‘ओमकारा’ करणारा हाच माणूस, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार? शेरखानला हिंदी आवाज होता नाना पाटेकरांचा. म्हणजे सातपुड्याच्या वाघाच्या गळ्यातून मुरूड-जंजिऱ्याकडचा माणूस गुरगुरत होता. तो आवाज इतका बसला की २०१६ साली डिस्नेचा नवा चित्रपट हिंदीत आला, तेव्हाही शेरखानसाठी नानांनाच बोलावलं.

आता ती मालिका पुन्हा पाहताना पहिलं नवल वाटतं ते त्यातल्या काटकसरीचं. चित्रफितीवर सेकंदाला चोवीस चौकटी धावतात. पण जपानी दूरचित्रवाणीच्या कार्टूनमध्ये एकच चित्र तीन-तीन चौकटी धरून ठेवायची पद्धत होती. म्हणजे सेकंदाला फार तर आठ चित्रं, आणि तीही हालणाऱ्या भागाचीच. बगिरा झाडावर बसून बोलतोय ना? मग अंग एका पारदर्शक पत्र्यावर, तोंड दुसऱ्या पत्र्यावर, आणि बदलतं ते फक्त तोंड: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. पत्र्याच्या पुढच्या बाजूला रेघा, रंग मागच्या बाजूने भरलेला. मागे जलरंगातलं जंगल एकदाच रंगवायचं आणि कॅमेऱ्याखालून सरकवत न्यायचं. ओसामू तेझुका यांनी १९६३ साली ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ या मालिकेसाठी ही काटकसर रुळवली, कारण दर आठवड्याला एक भाग द्यायचा तर दुसरा इलाज नव्हता. बाकीची हालचाल आपला मेंदू स्वतः भरतो. मोगली या फांदीवरून त्या फांदीवर गेला हे आपण पाहिलं असं वाटतं. प्रत्यक्षात मधला बराच प्रवास कुणी काढलेलाच नव्हता. आणि त्या तीनच तोंडांचा आणखी एक फायदा झाला. ओठ कुठल्याच भाषेशी नेमके जुळत नसल्यामुळे ते सगळ्याच भाषांशी बऱ्यापैकी जुळले. बलू जपानी बोलला तसा हिंदीही बोलला, आणि कोणाला खटकलं नाही. ५२ भाग असे उभे राहिले.

त्याच सुमारास रविवारीच डिस्नेची ‘टेलस्पिन’ लागायची. तिच्यात बलू पिवळ्या विमानाचा वैमानिक होता आणि शेरखान सूटबूट घातलेला धनाढ्य व्यापारी. एकाच वारी दोन बलू, दोन शेरखान. आम्ही दोन्ही बिनतक्रार मान्य केले. मुलांचा विश्वास किती लवचिक असतो!

किपलिंग जन्मला मुंबईत, १८६५ साली, जे. जे. कलाशाळेच्या आवारात. वडील तिथे शिकवत. पण मोगलीच्या गोष्टी त्याने लिहिल्या अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, गुडघाभर बर्फात. पहिलं पुस्तक १८९४चं, दुसरं १८९५चं. सिवनीच्या ज्या डोंगरात त्याने मोगलीला वाढवलं, तिथे तो स्वतः कधी गेल्याची नोंद सापडत नाही. मग नद्या, घळी, गावं आली कुठून? अभ्यासकांचं बोट जातं रॉबर्ट स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याकडे. सातपुड्यातल्या छावणीच्या आयुष्यावर, सिवनीच्याच नावाने, त्याचं पुस्तक १८७७ साली निघालं होतं. हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांवर १८८४ साली दुसरं. बर्फात बसलेल्या किपलिंगने स्टर्नडेलच्या डोळ्यांनी सिवनी पाहिली, तोक्योच्या चित्रकारांनी किपलिंगच्या डोळ्यांनी पाहिली, आणि शहापूरच्या पोरांनी तोक्योच्या. सिवनी शहापूरपासून तीन-चार तासांवर आहे, हा त्यातला गमतीचा भाग.

नकाशा उघडा. सिवनी जिल्ह्यात मुंडारा नावाचं गाव आहे, तिथे वैनगंगा उगम पावते. उगमापाशी ती दक्षिणेला यायची घाई करत नाही. आधी सिवनीच्या पठाराला मोठा वळसा घालते, मग बालाघाटातून खाली उतरते, गोंदियाच्या कडेने भंडाऱ्याला येते. गोष्टीत जवळचं इंग्रजांचं ठाणं म्हणून खान्हिवारा येतं. सिवनी जिल्ह्यात या नदीच्या खोऱ्यात कान्हीवाडा आजही आहे. आणखी एक जोड आहे, ती मला जास्त आवडते. ज्या पेंचच्या जंगलाला सगळे मोगलीची भूमी म्हणून मिरवतात, त्यातून वाहणारी पेंच नदी पुढे कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. हा संगम आंभोऱ्याला आहे, भंडाऱ्याच्या खालच्या अंगाला. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ इथेच रचला असं या भागात मानतात (आंबेजोगाईकर अर्थातच ते मानत नाहीत). म्हणजे मोगलीच्या दोन्ही बाजूंचं पाणी, पेंचकडचं आणि सिवनीच्या पठारावरचं, आंभोऱ्याच्या चैतन्येश्वरापाशी एक होतं.

हे जंगल एवढं जवळ आहे म्हटल्यावर साहजिक विचारावंसं वाटतं, की त्या मालिकेतली दोस्ती कितपत खरी?

लांडग्यांपासून सुरू करू, कारण सगळा डोलारा त्यांच्यावर आहे. भारतीय लांडगा मुळात उघड्या माळाचा प्राणी. सोलापूर, नगर, पुण्याच्या बाजूच्या गवताळ रानात, धनगरांच्या मेंढ्यांच्या मागावर राहणारा. अंगाने सडपातळ, वजनाला जेमतेम वीस किलोच्या आसपास. दाट सागवानी जंगलात त्याचं राज्य नसतं. तो कडेकडेने असतो. किपलिंगच्या टोळीत शिळेवर सभा भरते, एक सरदार असतो, त्याला आव्हान देणारे असतात. खऱ्या टोळीचा अर्थ त्याहून साधा निघाला: आई, बाप, यंदाची पिल्लं आणि गेल्या वर्षीची मोठी भावंडं. डेव्हिड मेक या अमेरिकन संशोधकाच्या १९७०च्या पुस्तकामुळे टोळीत एक बळजोर ‘अल्फा’ असतो ही समजूत जगभर पसरली. पुढे त्यानेच जंगलातली कुटुंबं वर्षानुवर्षं पाहून सांगितलं, की तो शब्द टाकून द्या, हे नुसते आईबाप आहेत. म्हणजे जपानी चित्रकारांनी लूरी आणि अलेक्झांडर ही आईबापांची जोडी आणि अक्रू, सुरा ही भावंडं असं जे घर रंगवलं, ते किपलिंगच्या सभेपेक्षा विज्ञानाला जवळचं ठरलं. मोठी भावंडं धाकट्यांना खरंच सांभाळतात. शिकारीहून आलेला लांडगा पिल्लांनी तोंड चाटलं की पोटातलं मांस ओकून त्यांना भरवतो. किळस वाटू द्या, पण डब्याशिवाय मैलोन् मैल जेवण आणायची याहून चांगली सोय नाही.

अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. ती आहे घड्याळाची. लांडग्याचं पिल्लू दोन आठवड्यांत डोळे उघडतं, दोन-अडीच महिन्यांत दूध तोडतं, वर्षभरात जवळजवळ पूर्ण वाढीचं होतं. माणसाचं मूल वर्षाचं होतं तेव्हा भिंत धरून पहिलं पाऊल टाकत असतं. मोगली आणि अक्रू एकाच दिवशी गुहेत आले असं धरलं, तर मोगलीला दुधाचे दात येईपर्यंत अक्रू शिकारीला जायला लागला असता. मोगली पाच वर्षांचा असताना अक्रूची स्वतःची पिल्लं मोठी होऊन निघून गेली असती. आणि मोगली मालिकेत दिसतो तेवढा, दहाएक वर्षांचा होईतो अक्रू बहुधा या जगातच नसता. रानातला लांडगा सहा-आठ वर्षं जगला तरी पुष्कळ झालं. ती मालिका खरी झाली असती तर मोगलीने एक भाऊ नव्हे, लांडग्यांच्या पिढ्यामागून पिढ्या पाहिल्या असत्या, पणतू-खापरपणतूंच्या टोळीत बसलेला तो एकटाच पोर असता. ही गोष्ट लिहिलेल्या गोष्टीपेक्षा मला जास्त विलक्षण वाटते. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांच्या म्हणून ज्या कहाण्या सांगतात, बुलंदशहरकडे सापडलेला आणि आग्र्याजवळच्या सिकंदऱ्याच्या अनाथाश्रमात वाढलेला दीना सनीचर, किंवा मिदनापूरच्या कमला-अमला, त्यांच्यावर आता अभ्यासक फारसा भरवसा ठेवत नाहीत. हे घड्याळ हेही त्याचं एक कारण.

बलूचं म्हणाल तर भंडारा-गोंदियातल्या जंगलाकाठच्या माणसाला अस्वल गोड वगैरे अजिबात वाटत नाही. वाघ बहुतेक वेळा वाट सोडतो, अस्वल सोडत नाही, हे इथे लहान पोरही सांगेल. मार्च-एप्रिलात मोहफुलं पडायला लागतात. पहाटे टोपल्या घेऊन बायाबापे मोहाखाली जातात आणि तीच फुलं वेचायला अस्वलही येतं. दोघांचीही नजर खाली. अंतर कमी झाल्यावर अस्वल दचकतं आणि दचकलेलं अस्वल पळण्याआधी अंगावर येतं. ज्या जंगलात वाघ आहे तिथे झाडावर चढून सुटका नाही, म्हणून आधी हल्ला करायची सवय त्याला लागली असावी, असा एक तर्क आहे.

पण त्याचं तोंड बघण्यासारखं असतं! आपल्या अस्वलाला वरच्या दातांमधले मधले दोन दात नसतातच. ती मोकळी फट वाळवीसाठी. वारूळ नखांनी फोडायचं, धूळ फुंकून उडवायची, नाकपुड्या मिटायच्या, लांब ओठांची नळी करायची आणि त्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची. तो सूंऽऽ सूंऽऽ आवाज शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. मालिकेतला बलू धडे देणारा गुरुजी होता. खऱ्या अस्वलांत हे काम आईकडे, आणि ती वर्ग पाठीवर भरवते. पिल्लं महिनोन् महिने तिच्या पाठीवरचे लांब केस धरून स्वारी करतात. जगात अस्वलांच्या आठ जाती. पिल्लांना असं पाठीवर घेऊन फिरणं हा आपल्या अस्वलाचा खास रिवाज.

बगिरा तर चक्क खरा. काळा बिबट्या ही वेगळी जात नव्हे, नेहमीच्याच बिबट्याचा काळा अवतार. आई आणि बाप दोघांकडूनही ते जनुक आलं तरच पिल्लू काळं होतं, त्यामुळे एकाच वेताला एक पिवळं आणि एक काळं असं होऊ शकतं. ऊन तिरपं पडलं की काळ्या कातडीवर आणखी काळे ठिपके उमटतात. २०१८च्या उन्हाळ्यात ताडोब्यात तो पर्यटकांना दिसला. पुढे पेंचमध्येही काळ्या बिबट्याची छायाचित्रं निघाली. आंभोऱ्याला येणाऱ्या पाण्यात निदान एका बगिऱ्याने तोंड घातलेलं असणार.

‘का’ अजगराच्या डोळ्यांत मोहिनी असते, हा भाग पाहून आम्ही रात्री घाबरायचो. सापाला पापण्या नसतात, एवढंच त्याचं गुपित. पारदर्शक खवल्याआड डोळा कायम उघडा, म्हणून रोखून पाहिल्यासारखा वाटतो. खरी जादू ओठांवर आहे. अजगराच्या ओठांच्या खवल्यांत बारीक खळगे असतात आणि त्यांना उष्णता कळते. काळोखात ससा कुठे बसलाय ते अजगराला त्याच्या उबेवरून समजतं. आणि विळखा घालून तो श्वास कोंडतो, हे आपण शाळेत शिकलो तेही आता बदललं आहे. २०१५ साली अमेरिकेत बोआ जातीच्या सापांवर केलेल्या प्रयोगात दिसलं, की विळखा पडताच काही सेकंदांत भक्ष्याचं रक्ताभिसरणच कोलमडतं. दम कोंडायची पाळी त्यानंतरची.

आणि किची? मोगलीच्या खांद्यावर बसणारा तो गोंडस लालसर प्राणी किपलिंगच्या पुस्तकात कुठेच नाही. तो जपान्यांनी घुसवला. किची आहे तांबडा पांडा: नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंग, अरुणाचलच्या थंड बांबूवनातला. वैनगंगेच्या खोऱ्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. पहिल्याच उन्हाळ्यात किचीचं काय झालं असतं ते बोलायलाच नको. मोगलीच्या हातातलं ते परत येणारं बूमरँगही असंच दूरदेशीचं. मला त्याची तक्रार नाही. सगळ्यात लाडका किचीच होता.

तर मालिकेतली दोस्ती अशी निम्मी खरी, निम्मी मनची. पण त्याच जंगलात एक दोस्ती आहे, जी ना किपलिंगने लिहिली ना निप्पॉनने रंगवली. ती पाहायला शहापूरहून सकाळी निघालं तर कोका अभयारण्य पुरतं, थोडं पुढे नागझिरा. (कोका, नागझिरा, नवेगाव ही सगळी मिळून २०१३च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाली.) झाडावर वानरांची टोळी आणि खाली चितळांचा कळप, हे दृश्य इथे इतकं नेहमीचं आहे की गाइड त्यासाठी गाडीही हळू करत नाहीत. करायला हवी. वानर मोठं उधळं खाणारं. कोवळा पाला तोडतो, दोन घास घेतो, उरलेली डहाळी खाली टाकतो. उन्हाळ्यात जमिनीवर गवत सुकून गेलेलं असताना खालच्या चितळाला झाडाच्या शेंड्यावरचा ओला पाला आयता मिळतो, जिथे त्याची मान सात जन्मात पोचली नसती.

पण यातला खरा सौदा पाल्याचा नाहीच. वानर उंचावर बसतं, नजर तीक्ष्ण, रंग ओळखणारी. चितळ खाली असतं, नाक आणि कान तिखट. वाघ वाऱ्याच्या उलट दिशेने आला तर चितळाला वास लागत नाही, पण वानराला पट्टे दिसतात. तो गवतात दडून आला तर वानराला दिसत नाही, पण चितळाला चाहूल लागते. एकाने आवाज दिला की दोघेही सावध. कान्ह्याच्या जंगलात पॉल न्यूटन या अभ्यासकाने ऐंशीच्या दशकात या जोडगोळीची बारकाईने नोंद ठेवली. तीत दिसलं, की ही भेट बहुतेक वेळा चितळच घडवून आणतं. वानरं जिथे जातील तिथे चितळं मागे येतात. म्हणजे दोस्ती आहे, पण एकाला जरा जास्त गरज आहे. मैत्रीचं हे चित्र आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

या आवाजांवरच तर जंगलातली सगळी सफारी चालते. जिप्सी थांबते, इंजिन बंद, गाइड बोट वर करतो: “कॉल आहे.” चितळाचा तीक्ष्ण चित्कार, वानराचं खॅक-खॅक, भेकराचं कुत्र्यासारखं भुंकणं. सगळ्यात मान सांबराच्या ढांकेला. चितळ बारीकसारीक गोष्टीलाही दचकतं, सांबर उगाच ओरडत नाही, असा जुन्या वाटाड्यांचा अनुभव. आणि या सगळ्या संवादात एक नकलाकारही आहे. शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकाला पानासारखे झुबके मिरवणारा भृंगराज. तो इतर पक्ष्यांचे आवाज काढतो, त्यांच्या धोक्याच्या हाकासुद्धा. श्रीलंकेत या पक्ष्यावर झालेल्या अभ्यासात आढळलं, की त्याच्या नकलांनी निरनिराळ्या जातींचे पक्षी त्याच्याभोवती गोळा होतात. थवा पानं हलवत पुढे सरकतो, त्यातून उडणारे किडे भृंगराज टिपतो. मालिकेत मोगलीला प्रत्येक प्राण्याची बोली येत होती, ते अगदीच हवेतलं नव्हतं. फक्त ती कला पोराकडे नव्हती, पाखराकडे होती.

किपलिंगच्या गोष्टीत सगळ्यात भीतीदायक कोण? शेरखान नव्हे, रानकुत्री. दख्खनकडून चालून आलेला दोनशेंचा लोंढा, ज्यांच्यापुढे वाघही बाजूला होतो. सिवनीहून पाहिलं तर दख्खन म्हणजे आपलीच बाजू की! मोगली त्यांना आग्यामोहोळांच्या घळीत ओढतो आणि वैनगंगेत उडी घेतो. नागझिऱ्यात रानकुत्री आजही आहेत, दोनशे नव्हे, दहा-वीस. ती भुंकण्यापेक्षा शिट्टी जास्त घालतात. पांगलेली टोळी शिट्टीवर गोळा होते. शिकार झाली की आधी पिल्लांना खाऊ देतात, मोठी बाजूला उभी राहतात. सिंहांमध्ये याच्या नेमकं उलट चालतं. खलनायक ठरवताना किपलिंगने हे पाहिलं असतं तर लेखणी थोडी अडखळली असती. या जंगलातल्या जनावरांच्या वागण्यावर मराठीत फार सुरेख लिहिलं गेलंय: व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ आहेच, आणि नवेगावबांध-नागझिऱ्यात वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली, जे २०२५ साली गेले, त्यांची पुस्तकं तर कपाटभर.

दुष्काळात वैनगंगेतली शांतिशिला उघडी पडते आणि वाघ-हरणं एका काठाला पाणी पितात, ती गोष्ट लहानपणी मला सगळ्यात खरी वाटायची. मे महिन्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजायची आपल्याकडे जुनी रीत आहे. वनखातं आता त्याला निसर्गानुभव म्हणतं. तिथे बसलेल्यांना तह दिसत नाही, दिसतं ते वेळापत्रक. चांदण्यात रानडुकरं येतात, चिखल घुसळून जातात. गवे येतात, कोणाला विचारत नाहीत. सांबर अर्धा तास कडेला उभं राहून मगच पुढे होतं. वाघ आला तर पाणवठा रिकामा. तो पाण्यात मागच्या बाजूने बसतो आणि बाकी सगळे वाट बघतात. शांतिशिलेचं म्हणाल तर वर सिवनीत भीमगडचं धरण झालं, खाली पवनीजवळ गोसीखुर्द. त्याचा फुगवटा भंडाऱ्यापर्यंत येतो. कारध्याला खडक उघडे पडायचे दिवस कमी झाले.

शेरखानची पिलावळ मात्र अजून पायी फिरते. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ नावाचा वाघ २०१३ साली शेतं, रस्ते, गावं ओलांडत शंभरावर किलोमीटर चालून उमरेड-कऱ्हांडल्यात आला, आणि तिथे त्याने असा जम बसवला की त्याच्या नावावर पर्यटन चालू लागलं. २०१६ साली तो दिसेनासा झाला. नागपूरहून सिवनीला जाणारा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो, तिथे आता जनावरांसाठी रस्ताच उचलून घेतला आहे. महाराष्ट्राच्या हद्दीत असे नऊ पूल आहेत, सगळ्यात लांब ७५० मीटरचा. वरून ट्रक, खालून वाघ; कॅमेऱ्यांनी त्यांची छायाचित्रं टिपली आहेत.

राहिला हाथी. किपलिंगच्या जंगलाचा खरा धनी तो, तीन मुलग्यांना घेऊन फिरणारा. इथे जाणकार बरोबर दोन बोटं ठेवतात. एक, हत्तींच्या कळपाचं नेतृत्व थोरल्या हत्तिणीकडे असतं. वयात आलेले नर कळप सोडून जातात. दोन, किपलिंगच्या काळी सिवनीच्या डोंगरात रानहत्ती नव्हतेच. भंडाऱ्यातल्या पिढ्यांनी हत्ती पाहिला तो सर्कशीतला, नाहीतर दारोदार फिरणाऱ्या माहुताचा. मग २०२१च्या ऑक्टोबरात छत्तीसगडच्या बाजूने एक कळप गडचिरोलीत उतरला. वर्षभर तिथे वावरून २०२२च्या अखेरीला तो गोंदिया जिल्ह्यात आला आणि तिथून साकोली-लाखनीकडे, भंडारा जिल्ह्यात. लहानमोठे मिळून वीसच्या वर हत्ती. धान कापून शेतात पुंजणे रचलेले दिवस होते, आणि हत्तींनी तेच हेरले. शेतकरी पंचनाम्याच्या मागे, वनखातं कळपाच्या मागे, आणि बघायला निघालेली गावंच्या गावं दोघांच्याही मागे. पुस्तक छापून सव्वाशे वर्षं उलटून गेली होती. पण हाथी वैनगंगेच्या खोऱ्यात आला.